पार्वतीबाईंचे कुंकू

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाविषयी मराठीत जितके लिहिले गेले आहे, तितके दुसऱ्या एखाद्या पराभवाविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. कृष्णाजी शामरावाची ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि रघुनाथ यादवाची ‘पानिपतची बखर’ यांपासून ते १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्वास पाटील यांच्या कादंबरीपर्यंत हा ओघ अखंड चालू आहे. छावणीतील धान्याची टंचाई, तोफखान्याची रचना, मल्हारराव होळकरांची माघार आणि भाऊसाहेबांचा हट्ट की नाइलाज, या प्रश्नांचा ऊहापोह आजही थांबलेला नाही. दिल्लीस नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला तर पानिपत जेमतेम नव्वद किलोमीटरवर आहे. १४ जानेवारीस काला अंब येथील स्मारकापाशी जाऊन नतमस्तक होणारी मंडळी थोडीथोडकी नाहीत. तथापि या सर्व चर्चेत एक प्रश्न मागे राहतो. त्या दिवशी जे पडले त्यांच्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यांच्यामागे जी माणसे उरली ती पुढे कशी जगली, याचा विचार आपण फारसा करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका व्यक्तीपुरता तो करणार आहोत. ती व्यक्ती म्हणजे सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई.

पार्वतीबाई पेणच्या कोल्हटकर घराण्यातील. भाऊसाहेबांची पहिली पत्नी उमाबाई निवर्तल्यानंतर त्या पेशव्यांच्या घरात आल्या. १७६० च्या वसंतात उदगीरच्या विजयानंतर भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्या काळच्या प्रथेप्रमाणे कुटुंबकबिला व यात्रेकरू यांचा मोठा समुदाय सैन्याबरोबर होता, आणि त्यात पार्वतीबाईही होत्या. म्हणजे पुण्याच्या वाड्यात बसून वार्तेची वाट पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. दिल्लीचा कबजा, कुंजपुऱ्याचा विजय, त्यामागून पानिपतच्या छावणीत काढलेले उपासमारीचे अडीच महिने हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी १७६१ या दिवशी दोन प्रहरानंतर विश्वासराव गोळी लागून पडले आणि भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दीत शिरले. त्यानंतर आपल्या माणसांपैकी कोणी त्यांना परत पाहिले नाही. पार्वतीबाई निष्ठावंत सोबत्यांच्या आधाराने त्या कल्लोळातून निसटल्या. भुकेने व थंडीने गांजलेल्या पळपुट्या लोकांना सूरजमल जाटाने आपल्या मुलखात अन्नवस्त्र व आसरा दिला, ही गोष्ट मराठी माणसाने कृतज्ञतेने स्मरावी अशी आहे. त्या वाटेने पार्वतीबाई दक्षिणेकडे परतल्या.

इकडे नानासाहेब पेशवे भावाच्या मदतीसाठी नर्मदा ओलांडून भेलशापर्यंत आले होते. भेलसे म्हणजे आजचे विदिशा. तेथे जानेवारीच्या अखेरीस एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. ते पत्र प्रसिद्ध आहे. पराभवाची वार्ता उघड लिहिणे धोक्याचे, म्हणून लिहिणाराने ती हिशेबाच्या भाषेत लिहिली. मोती दोन गेले, मोहरा इतक्या हरवल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच लागत नाही, असा त्याचा आशय होता. दोन मोती कोण हे पेशव्यांनी ओळखले: एक पुत्र, दुसरा चुलतभाऊ. नानासाहेब त्या आघातातून उठले नाहीत. पुण्यास परतल्यावर २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले.

या पत्राकडे आपण कौशल्याचा एक नमुना म्हणून पाहतो. आम्हांस मात्र त्यातील चांदी-तांब्याचा उल्लेख अधिक बोचतो. मोत्यांची नावे इतिहासात राहिली. ज्यांची मोजदाद लागली नाही, त्या प्रत्येक नाण्यामागे कोकणात, देशावर, वऱ्हाडात वा खानदेशात एकेक घर होते आणि त्या घरात एकच प्रश्न होता: गेलेला माणूस मेला, कैद झाला, की कोठे वाट चुकून हिंडतो आहे? प्रेत पाहिलेले नाही. अस्थी आलेल्या नाहीत. सांगणारा येतो तो दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले सांगतो. अशा स्थितीत रडावे तरी कोणत्या दिवशी, सुतक धरावे तरी कोणत्या तिथीपासून?

वास्तविक भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी पुरावा अगदीच नव्हता असे नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तांतात तो सविस्तर नमूद केला आहे. विश्वासरावांचे प्रेत मिळाले व त्याचा अग्निसंस्कार झाला. भाऊसाहेबांचे म्हणून एक शिर नसलेले धड सापडले. अंगावरील खुणांवरून ते ओळखण्यात आले, शिर नंतर हाती लागले आणि त्यांसही अग्नी देण्यात आला. आज इतिहासकार याच वृत्तांताच्या आधाराने भाऊसाहेब रणांगणावर पडले असे मानतात. परंतु हा वृत्तांत १७८० च्या सुमारास लिहिला गेला आणि १७६१ सालच्या पुण्यास तो उपलब्ध नव्हता. पुण्याला मिळत होत्या त्या ऐकीव वार्ता, आणि त्याही परस्परविरुद्ध. शिवाय मेले म्हणून ज्यांची आशा सोडली होती, अशी माणसे महिन्या दोन महिन्यांनी परतही येत होती. महादजी शिंदे पायावर घाव बसून पडले होते. राणेखानाने त्यांना वाचविले, आणि पुढे तेच उत्तरेचे कर्ते पुरुष झाले. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस अंगावरील वस्त्रांनिशी निसटून आले; त्यांची आई मात्र त्या धामधुमीत गेली ती गेलीच. एकाच्या बाबतीत आशा खरी ठरावी आणि दुसऱ्याच्या बाबतीत खोटी, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांना एका ऐकीव वार्तेवर आशा सोडा असे कोणी सांगावे?

पार्वतीबाईंनी ती सोडली नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही, वैधव्याची वस्त्रे घेतली नाहीत, केशवपन केले नाही. भाऊसाहेब हयात आहेत आणि येतील, या भावनेने त्या अखेरपर्यंत सौभाग्यवतीप्रमाणे राहिल्या. पेशव्यांच्या घराण्यानेही त्यांचा हा निश्चय मोडला नाही. धर्माच्या बाबतीत कडक म्हणून ख्याती पावलेल्या पुण्यात ही गोष्ट घडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल की, शास्त्राला हा प्रसंग ठाऊकच नव्हता, म्हणून बाईंना वाट सापडली नाही. पण तसे नाही. आपल्या धर्मशास्त्राने परदेशी गेलेल्या माणसाचा विचार फार बारकाईने केला आहे. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हा ग्रंथ १६१२ सालचा. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे आणि कमलाकरभट्टांच्या पणजोबांच्या वेळेपासून काशीस स्थायिक झालेले, म्हणजे तुमच्याआमच्याप्रमाणेच मुलूख सोडून राहिलेले. दूरदेशी मृत्यू झाला आणि वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस सुतक; दहा दिवसांनंतर कळली तर सामान्यतः तीन रात्री; परंतु आईबापांच्या मरणाची वार्ता कितीही उशिरा आली तरी पुत्राला ऐकल्या दिवसापासून पुरे दहा दिवस, अशी व्यवस्था निबंधकारांनी सांगितली आहे. यात केवळ शौचाशौचाचा काटेकोरपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. पत्र वाटेत रखडले म्हणून मुलाचा शोक रखडत नाही. ज्या दिवशी त्याला कळले त्या दिवशी त्याच्यापुरते आईबाप गेले, हे मनुष्यस्वभावाचे ज्ञान त्यात आहे.

प्रेतच मिळाले नाही तर काय करावे, हेही शास्त्राने सांगितले आहे. पळसाची तीनशे साठ पाने वा देठ घेऊन त्यांची मनुष्याकृती करावी आणि तिला यथाविधी अग्नी द्यावा. यास पालाशविधी म्हणतात. जो बेपत्ता झाला आहे, ज्याच्या जगण्यामरण्याची कोणतीच वार्ता नाही, त्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग हा विधी करावा, असे प्रसिद्ध मत आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या साऱ्या मतांचा परामर्श घेतला आहे. त्यात आणखी एक तरतूद आढळते. असा विधी उरकल्यानंतर तो मनुष्य जिवंत परत आला तर? तर त्याला तुपाच्या कुंडात बुडवून काढावे, स्नान घालावे, जातकर्मापासूनचे संस्कार त्याच्यावर पुन्हा करावेत आणि त्याचा त्याच्याच पत्नीशी पुन्हा विवाह लावावा. वाचकांस हे वाचून कदाचित हसू येईल. परंतु ज्यांनी हा नियम लिहिला, त्यांनी उंबरठ्याकडे डोळे लावून बसलेल्या कितीतरी स्त्रिया पाहिल्या असल्या पाहिजेत. विधी केल्याने दार कायमचे बंद होत नाही, असे आश्वासन त्या स्त्रियांना देण्याची ही रीत होती. गेलेल्याला निरोप द्यावा, आणि तरीही तो आला तर त्याला जागा असावी, अशी ती योजना आहे.

म्हणजे पार्वतीबाईंपुढे वाट होती. १७७३ च्या आरंभी पानिपतला बारा वर्षे पुरी झाली. मुदत संपली, तरीही त्यांनी ती वाट धरली नाही. याचा अर्थ काय लावावा?

एक अर्थ सोपा आहे व तो अनेकांनी लावला आहे: बिचारी भ्रमात राहिली. दुसरा अर्थ व्यवहाराचा आहे: त्या काळी विधवेच्या वाट्याला येणारी अवहेलना पाहता, संशयाचा फायदा घेऊन ती टाळणे यात शहाणपण होते. या दुसऱ्या अर्थात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण आशेची किंमतही लहान नव्हती. पानिपतनंतर थोड्याच अवधीत बुंदेलखंडाकडे सुखलाल नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपण भाऊसाहेब आहो असे सांगू लागला. तो पकडला गेला, चौकशीत खोटा ठरला, आणि निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत राहिला. १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला. पाहता पाहता कोकणातील कित्येक ठाणी त्याच्याकडे गेली आणि त्याच्या फौजेने घाटापर्यंत मजल मारली. न. चिं. केळकरांच्या नाटकामुळे ‘तोतयाचे बंड’ हे नाव घरोघरी पोचले आहे. अखेर तो आंग्र्यांच्या हाती लागला आणि १८ डिसेंबर १७७६ रोजी त्याला देहान्त शासन झाले. या बंडामागे कारस्थान होते, लोभ होता, हे खरेच. परंतु पंधरा वर्षांनंतरही हजारो माणसे एका तोतयामागे गेली, याचे मूळ कारण त्यांनाही भाऊसाहेब परत यावयास हवे होते, हे आहे. जो शोक एका पार्वतीबाईंचा म्हणून आपण पाहतो, तो वस्तुतः साऱ्या राज्याचा होता. आणि भाऊसाहेब आले, सापडले, ओळखले गेले, अशा आवया उठून पुन्हा विरून जात असताना त्या बाईंच्या जिवाची काय दशा होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग त्या भ्रमात होत्या काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कुंकवात शोधू नये. ते पार्वतीबाई पुढे काय करीत होत्या त्यात शोधावे. आणि त्या दृष्टीने १७७४ सालचा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव थेऊर येथे क्षयाने वारले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे बंधू नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. त्यांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. ज्या चुलत्याकडे या खुनाचा संशय जात होता, तोच राघोबादादा पेशवा होऊन बसला. सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी दादा कर्नाटकाकडे स्वारीवर गेले आहेत ही संधी साधून १७७४ च्या जानेवारीत गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर हलविले. त्या कोवळ्या वयाच्या, भेदरलेल्या, पोटाशी राज्याचा एकमेव वारस असलेल्या विधवेबरोबर घरातील वडीलधारी म्हणून कोण गेले? पार्वतीबाई गेल्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला.

या प्रसंगाकडे नीट पाहावे. ज्या नानांनी पानिपतवर आई गमावली, त्यांनी हा बेत आखला. ज्या बाईंनी पानिपतवर पती गमावला होता, आणि तरीही गमावला असे म्हणावयास ज्या तयार नव्हत्या, त्या पाच महिन्यांपूर्वी विधवा झालेल्या मुलीच्या उशाशी बसल्या. आपल्या कपाळावर कुंकू ठेवून त्यांनी दुसरीचे पांढरे कपाळ पाहिले, आणि तिला धीर दिला. मृत्यू काय असतो हे न कळणाऱ्या, भ्रमिष्ट व्यक्तीवर कारभाऱ्यांनी राज्याचा एवढा ठेवा सोपविला नसता. ग्रँट डफसारखा परका इतिहासकारही त्यांचा उल्लेख आदराने करतो. पार्वतीबाईंना मृत्यू कळत होता. कळत नव्हती ती एवढीच गोष्ट, की आपला माणूस नक्की कोणत्या दिवशी गेला. आणि तो दिवस आपण होऊन ठरविण्यास त्यांनी नकार दिला. ती एक गाठ त्यांनी न सोडवता तशीच राहू दिली आणि बाकीच्या आयुष्यात त्या घराच्या उपयोगी पडत राहिल्या.

त्याच घरातील दुसऱ्या स्त्रियांशी तुलना केली म्हणजे याचे मोल कळते. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी विश्वासराव, पती, माधवराव, नारायणराव असे एकामागून एक मृत्यू पाहिले. त्या नाशिकजवळ गंगापूरला व्रतस्थ राहिल्या आणि तेथील प्रदेशातच १७८८ साली निवर्तल्या. त्यांनी जगाकडे पाठ फिरविली. रमाबाईंनी चिता पत्करली. या दोघींना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिसरे उदाहरण पेशव्यांच्या घराबाहेरचे, महेश्वरचे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेचा गोळा लागून पडले, तेव्हा सासरे मल्हारराव यांनी विनवून अहिल्याबाईंना सहगमनापासून परावृत्त केले. पुढे सासरे गेले, पुत्र गेला, आणि उतारवयात कन्या मुक्ताबाई पतीबरोबर सती गेली. तिला आईने परोपरीने विनविले, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर तीन दिवस अहिल्याबाई अन्नपाण्यावाचून, कोणाशी न बोलता राहिल्या, असे सर जॉन माल्कम याने नोंदविले आहे. चौथ्या दिवसापासून राज्याचे काम होतेच. आज काशीस, गयेस, सोमनाथास जो मराठी अधिकारी बदलीवर जातो, त्याला अहिल्याबाईंचे बांधकाम भेटते. पण त्या घाटांच्या व मंदिरांच्या मागे ते तीन मुके दिवस आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही.

अहिल्याबाईंचा मार्ग सर्वांनाच ठाऊक आहे आणि तो थोर आहे. परंतु राज्य, खजिना आणि अधिकार प्रत्येकाच्या हाती नसतो. पार्वतीबाईंच्या हाती यांपैकी काही नव्हते. त्यांच्यापाशी होते ते एक न संपणारे दुःख आणि एक दुःखी मुलगी. म्हणून आम्हांस त्यांचे उदाहरण सामान्य माणसाच्या अधिक जवळचे वाटते.

आपण मुलखाबाहेर राहणारी माणसे. तारेची जागा आता दूरध्वनीने घेतली आहे. २०१३ साली तर तार खातेच बंद झाले. वार्ता क्षणात येते, पण माणूस क्षणात पोचत नाही. गुवाहाटीहून वा पोर्ट ब्लेअरहून निघालेला मुलगा पुष्कळदा सारे उरकल्यावर घरी येतो. त्याने मुखदर्शन घेतलेले नसते. म्हणून कित्येक महिने त्याच्या मनात आई स्वयंपाकघरात वावरतच असते, आणि सुटीचा अर्ज लिहिताना तिच्यासाठी काय न्यावे हा विचार हटकून येतो. त्याला कोणी भ्रमिष्ट म्हणू नये. कमलाकरभट्टांनी त्याला दहा दिवस दिले आहेत, ते त्याने जेथे असेल तेथे घ्यावेत. कायद्यालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. सात वर्षे ज्याची काही वार्ता नाही, तो हयात आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातही तो राहिला आहे. सरकारी दप्तराला कोठेतरी रेघ ओढावी लागते, त्यावाचून वारसांचे हक्क मार्गी लागत नाहीत. पण शास्त्राची बारा वर्षे काय आणि कायद्याची सात काय, त्या मुदती व्यवहारासाठी आहेत. मनाने त्या पाळल्याच पाहिजेत असे बंधन ना शास्त्रकारांनी घातले, ना कायदा करणाऱ्यांनी.

पार्वतीबाई निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या अंत्यकर्माबरोबरच भाऊसाहेबांचेही उत्तरकार्य करण्यात आले, असे सांगतात. तोपर्यंत पुण्याने त्या एका कर्माची घाई केली नाही. एवढ्या मोठ्या पराभवात सापडलेल्या, कारस्थानांनी पोखरलेल्या त्या राजधानीने एका बाईच्या कुंकवाला इतकी वर्षे हात लावला नाही, हीही पानिपतच्या इतिहासातील एक नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. शोक करणाऱ्याला इतरांनी द्यावयाचे ते बहुधा एवढेच असते: त्याला काम द्यावे, सोबत द्यावी, आणि दिवस मोजण्याचे त्याचे त्याच्याकडे ठेवावे.